दुपार झोपेत, संध्याकाळ रस्त्यावर

जानेवारीत वर्तमानपत्रात किमान तापमानांची यादी छापून येते, तेव्हा निफाडच्या मागोमाग नगरचं नाव बहुधा असतंच. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण पहाटेचा कडाका जुनाच आहे. कधी अकरा, कधी नऊ, थंडीची लाट आली तर त्याच्याही खाली. मग घरातली आजी गुडघे चोळत म्हणते, "चार दिवस कुठंतरी उबेला जाऊन येऊ गं." आणि संध्याकाळपर्यंत घरातलं कुणीतरी मोबाइलवर गोव्याची हॉटेलं बघायला लागलेलं असतं.

आजीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पुढची सहल मात्र बहुतेक वेळा चुकीची आखली जाते. ती कशी, हे कळण्यासाठी आधी नगरच्या थंडीची कुंडली मांडायला हवी.

नगर हे थंड गाव नाही. जानेवारीतल्या दुपारी दोन वाजता माळीवाड्यात उभं राहून बघा. पारा सुमारे एकोणतीस-तीस अंशांवर असतो, अंगातला स्वेटर नकोसा होतो. त्याच वेळी पणजीत बत्तीसच्या आसपास आणि तमिळनाडूतल्या तंजावरला एकोणतीस-तीस असतं. म्हणजे भर दुपारी नगर आणि दक्षिणेतली ही गावं जवळजवळ बरोबरीत असतात. खरा फरक पडतो तो सूर्य मावळल्यावर. नगरचा पारा पहाटेपर्यंत अकरा-बाराला येतो. पणजी आणि तंजावर विसाच्या आसपासच थांबतात. दक्षिणेची ऊब असते ती रात्रीची, पहाटेची आणि तिन्हीसांजेची.

असं का होतं? दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडून देते. हवेत वाफ असेल, ढग असतील, तर ही उष्णता वाटेत अडते आणि तिच्यातली बरीचशी जमिनीकडे परत येते. नगर जिल्ह्याचा बराच भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. हिवाळ्यात इथली हवा कोरडी ठक्क आणि आकाश निरभ्र असतं, म्हणजे जमिनीच्या अंगावर गोधडीच नसते. त्यात शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंच. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ येऊन गेला की मागोमाग कोरडे उत्तरेचे वारे सुटतात आणि ते थेट गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यापर्यंत पोचतात. किनाऱ्यावर सगळंच उलट. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे गोव्याजवळचा समुद्र जानेवारीतही चांगला कोमट असतो. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे पणजीला फार तापू देत नाहीत आणि रात्री दमट हवा तिला फार निवू देत नाही.

युरोपातला माणूस दक्षिणेकडे पळतो, त्याचं कारण वेगळं आहे. लंडनमध्ये डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, आणि त्यातही आभाळ करडं. त्याला उबेइतकीच उजेडाची भूक लागलेली असते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहरात हिवाळा काढायला येणाऱ्या इंग्रजांनी १८२० च्या दशकात समुद्रालगत फिरण्यासाठी रस्ता बांधवून घेतला. 'इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता' या अर्थाचं नाव तो आजही मिरवतो. नगरचा वर्षातला सर्वांत लहान दिवस मात्र अकरा तासांचा असतो आणि तंजावरचा त्याहून अर्धाच तास मोठा. उन्हाची आपल्याला ददात नाही. 'हिवाळ्यात सूर्यप्रकाशासाठी दक्षिणेला चला' छापाची जाहिरात आपल्याकडे चिकटवणं म्हणजे पाथर्डीच्या माणसाला ऊन विकणं. आपल्याला हवं असतं ते शाल न घेता अंगणात बसता येण्याचं सुख, उघड्या खिडकीची झोप आणि सकाळी सहाला सहज वळणारे गुडघे.

आता आपल्या सहलीचं वेळापत्रक आठवा. रात्रभर प्रवास, सकाळी हॉटेलवर आंघोळी, दहाला गाडी हजर. मग दहा ते पाच, भर उन्हात, सात ठिकाणं. संध्याकाळी थकून खोलीवर, एसी अठरावर लावून झोप आणि सकाळी पुढच्या गावाला कूच. म्हणजे ज्या वेळेला नगर आणि दक्षिण सारखीच असतात ती वेळ आपण रस्त्यावर घालवतो, आणि जी वेळ कमवायला एवढं तिकीट काढलं ती बंद खोलीत, पैसे देऊन गारठा विकत घेऊन. हा उलटा व्यवहार आहे. सकाळी साडेपाच ते नऊ बाहेर, जेवून दुपारभर झोप, आणि चारनंतर जेवणापर्यंत पुन्हा बाहेर, असा दिवस ठेवला तरच ही सहल हवापालट ठरते.

गंमत म्हणजे दक्षिणेतली शहरं स्वतः असंच जगतात. पणजीत बरीच दुकानं दुपारी एकच्या सुमारास फळ्या लावतात आणि तीन-चारला उघडतात. (पुण्यातल्या एक ते चारवर विनोद करणारे आपण गोव्यात त्याच गोष्टीला 'सुशेगाद' म्हणून दाद देतो, हा एक अन्यायच.) तमिळनाडूतली बहुतेक मोठी देवळं दुपारी साडेबारा-एकला दार लावतात ते चारपर्यंत. अनवाणी पायांना तापलेल्या दगडी फरश्यांवर दुपारी चालवतही नाही. गावाच्या घड्याळाप्रमाणे वागलं तर वेगळं नियोजन करावंच लागत नाही.

विश्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या वीसेक वर्षांत बरंच काही तपासलं आहे, आणि त्यातलं काही आपल्या सहलींना लागू पडतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामाचा शीण कशाने उतरतो याचे चार घटक मांडले: कामापासून मनाने सुटणं, शिथिल होणं, काहीतरी नवं जमवणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. यातला चौथा घटक बघा. सात ठिकाणांच्या सहलीत वेळ ड्रायव्हरच्या हातात असतो. पहिल्या घटकाचं काय होतं हे ज्याच्या मोबाइलवर ऑफिसचा ग्रुप आहे त्याला सांगायची गरज नाही.

दुसरा प्रश्न, किती दिवस जावं? नेदरलँड्समधल्या येसिका डे ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मोठ्या सुट्टीवर गेलेल्यांची पाहणी केली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुट्टीत तब्येत आणि मनःस्थिती झपाट्याने सुधारली, आठव्या दिवसाच्या सुमारास शिखर गाठलं गेलं. पण कामावर परतल्यावर आठवड्याभरातच सगळं जिथल्या तिथे. याउलट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधल्या फळीतल्या चाळीस व्यवस्थापकांना फक्त चार रात्रींची सुट्टी दिली गेली, तिचा चांगला परिणाम महिन्याभरानंतरही टिकलेला आढळला. प्रयोग छोटा आहे, त्यावर फार मोठा इमला उभारू नये. पण तीन आठवड्यांची रजा ज्यांना मिळतच नाही त्यांनी मन खट्टू करायचं कारण नाही, एवढं त्यातून निघतं. वर्षातून एकदाच मोठं जाण्यापेक्षा दोनदा छोटं जावं, असं माझं त्यावरचं मत. डच लोकांवरच्या २०१० च्या आणखी एका पाहणीत सुट्टीवर जाणारे इतरांपेक्षा जास्त आनंदी आढळले ते निघण्याच्या आधी! बेत आखण्यातच निम्मं सुख असतं, हे आपल्याकडे आषाढाच्या आधी वारीची तयारी करणाऱ्या कोणत्याही म्हातारीला ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत उपयोगी वाटते. परक्या ठिकाणी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यामागचं कारण दाखवलं: नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा हलकी झोप घेतो, बारीकशा आवाजालाही जास्त दाद देतो. मेंदू अर्धा पहाऱ्यावरच असतो म्हणा. यावरून माझं अनुमान असं की रोज नवा लॉज म्हणजे रोज पहिली रात्र. पाच रात्री, पाच गावं, पाच पहारे. म्हणून एक गाव धरावं आणि तिथेच मुक्काम टाकावा.

झोपेचं आणि उबेचं नातंही सरळ नाही. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ते उतरतं हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडली की. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, तळपाय गार पडतात आणि माणूस कूस बदलत राहतो. पाय उबदार असले की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी १९९९ मध्येच मोजून दाखवलं होतं. विशीतल्या तापमानाची, वारा असलेली रात्र या दृष्टीने छान. मे महिन्यातली चेन्नईची चिकचिकीत रात्र मात्र घाम सुकू देत नाही आणि झोपेचं खोबरं करते. 'उबदार दक्षिण' हे औषध जानेवारी-फेब्रुवारीतच घ्यायचं. रक्तदाबाचंही तसंच आहे. थंडीत तो थोडा वर जातो, ऊब मिळाली की उतरतो. पण म्हणून गोळ्या घरी ठेवून जाऊ नये. चार दिवसांनी परत नगरलाच यायचं आहे.

आता गावं. नगरकरांचं एक भाग्य असं की दक्षिणेचा रस्ता त्यांच्या दारातूनच जातो. मनमाड-दौंड मार्गावरून दिल्लीहून बंगळूरला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस नगरला थांबते, आणि निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेसही. शिर्डीमुळे तर आणखीच सोय झाली. साईनगर शिर्डी स्थानकातून चेन्नई, म्हैसूर, काकीनाड्याच्या गाड्या सुटतात. शिर्डीजवळच्या काकडी गावातला विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला, तिथून हैदराबाद आणि चेन्नईकडे विमानं जाऊ लागली. जून २०२२ मध्ये भारत गौरव योजनेतली पहिली खासगी गाडी धावली, तीही कोइंबतूरहून शिर्डीलाच. या सगळ्या सोयी आपल्यासाठी झालेल्या नाहीत. दक्षिणेतले भाविक साईबाबांच्या दर्शनाला लाखोंनी येतात, म्हणून झाल्या आहेत. ते परत जातात त्या गाडीत आपण बसायचं, एवढंच. वेळापत्रकं आणि उड्डाणं बदलत राहतात, तेवढं निघण्याआधी पाहून घ्यावं.

दोनच रात्री असतील तर विजापूर. सरकारी नाव विजयपुरा. सोलापूरमार्गे रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. उंची नगरच्या जवळपासच, म्हणून पहाट थोडी गार असते; पण पारा बहुधा पंधराच्या आसपास राहतो. जेवणाची चिंताच नको. ज्वारीची भाकरी तिथे 'जोळद रोट्टी' होऊन ताटात येते, सोबत भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी. नगरच्या पोटाला परकं काहीच नाही.

आणि विजापुरात नगर जागोजाग भेटतं. बुरुजावर बसलेली ती प्रचंड मुलूखमैदान तोफ विजापूरची नाहीच. ती १५४९ मध्ये निजामशाहीच्या राजधानीत, म्हणजे आपल्या नगरात, ओतली गेली. ओतणारा तुर्की कारागीर महंमद बिन हुसेन रूमी. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून सतराव्या शतकात विजापूरला गेली. लांबी सुमारे चौदा फूट, वजन पंचावन्न टनांच्या घरात. तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह कोरलेला आहे. ही तोफ भर उन्हातही हाताला गार लागते असं तिथले लोक सांगतात. १८५४ मध्ये निकामी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा सर्वांत वरची बोली आली दीडशे रुपयांची! सुदैवाने विक्री रद्द झाली.

दुसरी भेट चांदबिबीची. हुसेन निजामशहाची ही मुलगी अली आदिलशहाला दिली होती. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी सुलतानांची जी एकी झाली, तिच्यात या सोयरिकीचा मोठा वाटा. अली आदिलशहाने तिच्या नावाने विजापुरात १५७९ मध्ये चांदबावडी बांधली. वैधव्यानंतर ती माहेरी आली आणि १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध तिने नगरचा किल्ला लढवला. आपण नगरबाहेरच्या डोंगरावरच्या ज्या वास्तूला चांदबिबीचा महाल म्हणतो, ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे. बाईच्या नावाची खरीखुरी वास्तू बघायची तर सासरीच जावं लागतं.

गोलघुमट मात्र दार उघडताक्षणी गाठावा. महंमद आदिलशहाची ही कबर, १६५६ च्या सुमारास पुरी झालेली. वरच्या सज्जात एका बाजूला कुजबुजलेलं दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ऐकू येतं, कारण गोल भिंतीला धरून आवाज सरकत जातो, विखरत नाही. साडेआठनंतर शाळांच्या सहली येतात आणि मग दीडशे पोरं एकदम शिट्ट्या मारतात. तेव्हा तिथे काय ऐकू येतं ते विचारू नका.

तीन रात्री असतील तर पणजी. पण पणजीच, कळंगुट नव्हे. मांडवीच्या काठाने संध्याकाळी चालावं, फोंतेन्यास या जुन्या वस्तीतली रंगीत घरं सकाळी सातला बघावीत, दुपारी मासे-भात खाऊन आडवं व्हावं. एवढा कार्यक्रम पुरे आहे. गोवा एक्सप्रेसची वाट ब्रागांझा घाटातून, दूधसागराजवळून जाते. गोव्यावर मराठीत इतकं लिहिलं गेलं आहे की मी आणखी भर घालत नाही.

पाच दिवस काढता आले तर माझं मत निःसंशय तंजावरला. लांब आहे खरं. चेन्नईपर्यंत विमान आणि पुढे गाडी, किंवा कर्नाटक एक्सप्रेसने बंगळूर आणि तिथून रात्रीची तंजावरची गाडी. पण तिथे पोचल्यावर परकेपणाची जी एक धास्ती असते ती निम्मीच उरते. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ दर्ग्यात नवस केला आणि मुलांची नावं त्यावरून शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. त्या शहाजींचा मुलगा व्यंकोजी. त्याने १६७० च्या दशकात तंजावरला मराठी राज्य उभं केलं आणि ते पावणेदोनशे वर्षांच्या आसपास टिकलं. शरीफजी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत पडले, ते भातवडी गाव नगर तालुक्यातच आहे. तंजावरची गोष्ट सुरू होते ती अशी नगरच्या वेशीत.

राजराजा चोळाचं बृहदीश्वर मंदिर १०१० च्या सुमाराचं, शिखर साठ मीटरहून उंच. त्याच्या आवाराच्या भिंतीवर तंजावरच्या मराठी गादीवरच्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. सकाळी सहा-साडेसहाला, दगड अजून रात्रीच्या उबेवर असताना, बोट फिरवत ओळीन् ओळ वाचता येते. आजूबाजूचे तमिळ भाविक आपल्याकडे कौतुकाने बघतात, कारण वाचणारे फार कमी येतात. याच सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. तिथे संस्कृत, तमिळ, तेलुगूच्या जोडीने मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत. ग्रंथालयाचं संग्रहालय मोठं नाही, तासाभरात बघून होतं. संध्याकाळी पुन्हा मंदिराच्या हिरवळीवर यावं. तिन्हीसांजेला अख्खं गाव तिथे बसलेलं असतं. कुणी डबे उघडतं, पोरं धावतात, आणि कुणाच्याही अंगावर शाल नसते. मग पितळी पेला आणि वाडग्यातून वर-खाली ओतलेली फिल्टर कॉफी. कुंभकोणम चाळीस किलोमीटरवर, पण कॉफीसाठी तेवढं जायची गरज नाही. माझ्या मते पाच दिवसांत कुंभकोणम, मदुराई, रामेश्वर असं सगळं उरकायचा मोह आवरावा. तो आवरला नाही तर आजीच्या गुडघ्यांचं काय होईल ते सांगायला नको.

तंजावरबाबत एकच खबरदारी, आणि ती मराठी माणूस हमखास विसरतो. आपला पाऊस सप्टेंबरअखेर आवरतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आपण बिनधास्त निघतो. तमिळनाडूच्या किनारपट्टीचा आणि कावेरीच्या खोऱ्याचा मुख्य पाऊस मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळंही बहुतेक याच काळातली. मकरसंक्रांतीला त्यांचा पोंगल असतो, तेव्हा गाड्या भरलेल्या आणि खोल्या महाग. म्हणून पोंगलनंतरचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. तेव्हा नगरला हुरड्याचा हंगाम चालू असतो, हा त्याग करावा लागतो. जानेवारीच्या सुरुवातीला हुरडा खाऊन घ्यावा आणि मग निघावं.

आणि परतीचं तिकीट शक्यतो शनिवारी पोचेल असं काढावं. रविवारी रात्री उशिरा उतरून सोमवारी सकाळी ऑफिसात हजर होणाऱ्याच्या बाबतीत परिणाम टिकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रविवार कपडे धुवायला, आणलेला मुरुक्कू शेजारी वाटायला आणि दुपारी झोपायला ठेवावा. नगरची दुपार तेव्हा तंजावरइतकीच उबदार असते.